पालथा कप

आमच्या घरात कोड्याचं उत्तर सांगत नाहीत. ज्याला सापडलं त्यानं आपला चहाचा कप बशीत पालथा घालायचा आणि गप्प बसायचं. दुसऱ्याला एक दिवस लागो की आठवडा, पहिल्यानं चकार शब्द काढायचा नाही. दोघांचे कप पालथे झाले की मात्र मनसोक्त बोलायचं: तू कुठून शिरलीस, मी कुठे अडकलो, आणि एवढं सोपं असून आपण दोघं कसे बावळटासारखे बसलो होतो. खरं सांगायचं तर कोडी आम्ही त्या बोलण्यासाठीच सोडवत होतो.

हा नियम भांडणातून आला. लग्न होऊन लखनौला आलो तेव्हा विकास नगरात दोन खोल्या भाड्यानं घेतल्या होत्या. हे सरकारी प्रयोगशाळेत रसायनशास्त्रज्ञ. सकाळी गेले की संध्याकाळी यायचे. मी मिरजेची, गणितात बी. एस्सी. झालेली आणि हिंदीत ढ. 'भैया, मेरे को आधा किलो वांगी होना' असं म्हटलं की भाजीवाला आधी पोटभर हसायचा, मग वजन करायचा. दिवसभर मराठी ऐकून घ्यायला घरात एक पाल तेवढी होती. तिच्याशी मी बोलतही असे.

एका संध्याकाळी ह्यांनी बूट काढता काढता कोडं घातलं. तीन डबे आहेत. एकात बेसनाचे लाडू, एकात रव्याचे, एकात दोन्ही. डब्यांवर चिठ्ठ्या आहेत, पण तिन्ही चुकीच्या. एकाच डब्यातला एकच लाडू काढून बघायचा आणि तिन्ही डबे ओळखायचे. ह्यांचा दुसरा बूट निघायच्या आत मी म्हणाले, "त्यात काय, 'दोन्ही' लिहिलेल्या डब्यातला काढायचा."

ह्यांचा चेहरा पडला. मला वाटलं, बायको हुशार निघाली याचं दुःख झालं. तसं नव्हतं. ह्यांना स्वतःला उत्तर अजून सापडलं नव्हतं. सगळा रस्ता सायकलवर ते कोडं घोळवत आले होते, आणि मी त्याचा एका घासात फडशा पाडला. "सांगितलंस कशाला?" म्हणाले आणि पानावर बसले तरी बोलेनात. राग तर माझ्याही नाकावर. "मग विचारलंत कशाला?" म्हणून मीही अबोला धरला. दोन खोल्यांत अबोला धरणं फार अवघड जातं, रुसून जायला तिसरी खोली नसते.

सकाळी चहा झाल्यावर मी आणखी ओतायला गेले, तर ह्यांनी कप बशीत पालथा घातला. ह्यांच्या वाईच्या घरी पाहुण्याला इतका आग्रह करायचे, की पुरे म्हणायचं तर कप पालथाच घालावा लागे. मी तरी किटली घेऊन उभीच. तेव्हा हे म्हणाले, "पुरे. आणि तो लाडूही समजला." मला हसू आवरेना. मग हेही हसले. "यापुढे असंच करायचं," म्हणाले. "सापडलं की कप पालथा. तोंड उघडायचं नाही."

नियमाला पळवाट असतेच आणि ती पहिल्यांदा ह्यांनीच काढली. प्रयोगशाळेत कुणाकडून तरी उत्तरासकट कोडं ऐकून यायचं, मला घालायचं, आपणही पहिल्यांदाच ऐकतोय अशा चेहऱ्यानं छताकडे बघत बसायचं आणि थोड्या वेळानं ऐटीत कप पालथा घालायचा. दोन-तीनदा माझ्यावर अशी मात केली. पण हे खरोखर विचार करत असले की डाव्या कानाची पाळी चोळतात, लहानपणापासूनची सवय. एके दिवशी छताकडे बघणं चालू होतं आणि कान मोकळा होता. मी टेबलावरून हात लांब केला आणि ह्यांचा भरलेला कप तसाच बशीत उलटा केला. चहा बशीतून मेणकापडावर, मेणकापडावरून ह्यांच्या पँटवर. "माहीत आहे ना तुम्हाला उत्तर?" मी म्हणाले.

हे ताडकन उठले, पँट झटकली आणि मोठ्यानं हसले. "हे मी फेडीन हां," म्हणाले. त्या दिवसापासून दुसरा नियम झाला: ज्याला आधीच उत्तर माहीत आहे त्यानं कोडं घालण्याआधी आपला कप पालथा घालायचा. फसवाफसवी नाही. आणि त्याच दिवशी हे म्हणाले होते, "माझा कान तू ओळखलास. तुझीही एक खूण आहे, लपवायला लागलीस की दिसते. पण सांगणार नाही. सांगितली तर बंद करशील." मी किती वेळा विचारलं. आरशासमोर उभी राहून खोटं बोलून पाहिलं. काही दिसलं नाही. हेही कधी बोलले नाहीत.

पुढे मी बँकेची परीक्षा दिली आणि हज़रतगंजच्या शाखेत लागले. टेम्पोत दाटीवाटीनं बसून जाता-येता कोडी सोडवायची मला सवय झाली. मुलगी झाली, आम्ही जानकीपुरमला घर बांधलं. मुलीला कोड्यांचं वावडं. उलटा कप दिसला की 'अब ये दोनों दिन भर गूँगे' असं म्हणून ती मैत्रिणीकडे पळायची. मराठी तिला सगळी कळते, पण उत्तर हिंदीत. 'आई' आणि 'बाबा' हे दोनच शब्द तिनं मराठीत ठेवले. ती आता बंगळुरूला असते. इथली ओळखीची मराठी घरं बदल्या होऊन, निवृत्त होऊन पांगली. आम्हालाही सगळ्यांनी सांगितलं, परत चला, म्हातारपणी आपल्या माणसांत राहावं. आम्ही हसलो. आपलं माणूस टेबलाच्या पलीकडे बसलं होतं, अजून कशाला हवीत?

मग ह्यांना स्ट्रोक आला. सकाळी दाढी करताना ब्रश हातातून पडला आणि मागोमाग हे. जीव वाचला, उजवी बाजू गेली, आणि बोलणं गेलं. सगळं गेलं असंही नाही. एक शब्द राहिला: 'बरं'. भूक लागली तरी बरं, दुखलं तरी बरं. घरी आल्यावर पहिल्या दिवशी मी रडत होते तेव्हाही माझ्याकडे बघून म्हणाले, "बरं."

समजतं किती, हे डॉक्टरांना सांगता आलं नाही. बोलायचा सराव करून घ्यायला एक थेरपिस्ट येते, गोड पोर आहे. तिनं मला समजावलं, "आंटी, इनका हाँ-ना भी गड़बड़ा जाता है। अंदर क्या है, पक्का नहीं कह सकते।" भेटायला येणारे तर ह्यांच्या डोक्यावरूनच बोलायचे, कपाटावरून बोलावं तसं. 'भाई साहब पहचानते हैं?' असं ह्यांच्यादेखत मला विचारायचे. मला संताप यायचा. रात्री अंथरुणावर पडल्यावर मात्र तोच प्रश्न मला पडायचा, आणि मग संतापायला कुणी नसे.

दिवसभर मी हिंदी बोलते. कामवालीशी, औषधवाल्याशी, फोनवर मुलीशी. या शहरात माझ्याशी मराठी बोलणारं एकच माणूस उरलं आहे आणि त्याच्याकडे एकच शब्द आहे. नवरा गेलेल्या बाईला लोक निदान विचारतात, एकटं वाटतं का म्हणून. मला कोण विचारणार? माझा नवरा समोर बसलेला असतो. एकटेपणा त्याला दाखवायचा की त्याच्यापासून लपवायचा, हेही मला ठरवता येत नव्हतं.

कोडी पुन्हा मीच सुरू केली. माकडांसाठी बाल्कनीला जाळी लावली आहे, तिथे सकाळचं ऊन येतं, थंडीत धुकं विरल्यावर. ह्यांची खुर्ची तिथे लावायची, दोन कप ठेवायचे आणि फोनवरचं एखादं नवं कोडं मोठ्यानं वाचायचं. पहिल्या दिवशी मी वाचून पुरं केलं, हे चहा प्याले, आणि थोड्या वेळानं डाव्या हातानं कप बशीत पालथा घातला.

मी ह्यांचा हात धरून बसून राहिले. म्हणजे हे आहेत! आत सगळं शाबूत आहे, दार तेवढं अडकलंय. मी मुलीला फोन केला, तिला काय बोलले ते मला आठवतही नाही. मग रोजचं झालं. कोडं, चहा, कप पालथा. मागाहून माझाही पालथा. त्यानंतरचं बोलणं मात्र मी एकटीच करायची. मी कुठे अडकले ते सांगायची, हे बरं म्हणायचे.

दिवाळीला मुलगी आली. तिनं दोन-चार सकाळी आमच्याजवळ बसून पाहिलं आणि मग स्वयंपाकघरात मला म्हणाली, "आई, बुरा मत मानना। वो आदत है। चाय ख़तम, कप उल्टा। तुम कहानी भी पढ़ दो, तब भी वो यही करेंगे।"

"तुला काय कळतंय कोड्यातलं," मी तुटून पडले. ती भांडी पुसत राहिली. पण ती खोटं बोलत नव्हती. दुसऱ्या दिवसापासून मी कोड्याऐवजी चहाकडे लक्ष ठेवलं. चहा संपला की कप पालथा होत होता. कोडं सोपं असो की अवघड, शेवटचा घोट आणि कप. कानाला हात जातो का पाहिलं. हात बहुतेक वेळ कपावरच असायचा.

जायच्या आधी मुलीनं एका पुठ्ठ्यावर आकडे लिहून दिले. उत्तर आकड्यात येईल असं कोडं घालायचं आणि बोट ठेवायला सांगायचं. मी तसं केलं. ह्यांनी पुठ्ठा बघितला, माझ्याकडे बघितलं आणि डाव्या हातानं तो दूर ढकलला. पुन्हा ठेवला, पुन्हा ढकलला. उत्तर सांगायचं नाही हा आमचा नियम आठवून ढकलला, की आकडे ओळखता येईनात म्हणून? दोन्हींत जमीन-अस्मानाचं अंतर, आणि ढकललेला पुठ्ठा दोन्हींत सारखाच दिसतो.

मुलगी गेल्यावर घर फारच शांत झालं. मला एवढंच कळायला हवं होतं: मी रोज सकाळी नवऱ्याबरोबर बसते की एकटीच बसते? एकटीच असेन तरी चालेल, असं मी मनाला सांगत होते. खोटं होतं ते. मला चालणार नव्हतं.

मग मला युक्ती सुचली. उत्तरच नाही असं कोडं घालायचं. नुसती सवय असेल तर चहा संपला की कप पालथा होईल, आणि मला कळेल.

कोडं मी मलिहाबादच्या आंब्याचं केलं, कारण तिथल्या दशहरी आंब्यावर ह्यांचा जीव. बागेत आंब्याची झाडं, पाच ओळी, प्रत्येक ओळीत पाच. राखणदाराला प्रत्येक झाडापाशी एकदाच जायचं आहे, एकही झाड वगळायचं नाही. एका झाडावरून शेजारच्या झाडाकडे सरळ जायचं, तिरकं जायचं नाही. कोपऱ्यातल्या झाडाला लागून जे झाड आहे तिथून सुरुवात. कसा जाईल?

जाऊच शकत नाही. बुंध्यांना एकाआड एक चुना लावला आहे असं समजा, कोपऱ्यापासून सुरू करून. चुन्याची तेरा झाडं, बिनचुन्याची बारा. राखणदार निघतो बिनचुन्याच्या झाडापासून, आणि पुढे एकाआड एकच जातो. म्हणजे पंचवीस पुरी करायला त्याला बिनचुन्याची तेरा झाडं लागतात. आहेत बारा. जन्मभर हिंडला तरी एक झाड राहणारच.

एवढं सगळं मला माहीत होतं. नियमाप्रमाणे माझा कप आधी पालथा हवा होता. पण माझा पालथा बघून हे नक्कल करतील, अशी मला भीती. मी माझा कप सुलटा ठेवला, चेहरा विचारी केला आणि कोडं दोनदा सावकाश वाचलं.

हे चहा प्याले. शेवटचा घोट झाला. कप बशीत टेकला, सुलटा. हात कपावरून उठला आणि कानाच्या पाळीकडे गेला.

मला आनंद झाला हे सांगायला लाज कसली? मी आत जाऊन देवाला साखर ठेवली. एरवी देवाशी माझं फारसं पटत नाही. त्या दिवशी हे कितीतरी वेळ बाल्कनीतून हलले नाहीत. दुसऱ्या दिवशीही कप सुलटाच. बोट टेबलावर फिरत होतं, एक ओळ, वळण, दुसरी ओळ, मग थांबायचं आणि पुन्हा पहिल्यापासून. तिसऱ्या दिवशी पेपर समोर धरला तर हातानं बाजूला केला. दुपारी झोपले नाहीत. ताटातल्या भाताची ढेकळं बोटानं मांडत बसले आणि जेवण तसंच राहिलं.

आनंद कधी संपला आणि भीती कधी वाटायला लागली, मला कळलं नाही. मला हवं होतं ते मिळालं होतं. हे आत होते. आणि आत काय करत होते, तर नसलेली वाट शोधत होते. तीही मी आपल्याबरोबर शोधते आहे असं समजून. एकटी मी नव्हतेच. एकटं मी ह्यांना पाडलं होतं. पूर्वी असं कोडं चहा संपेपर्यंत ह्यांनी उलटंपालटं करून टाकलं असतं. आता किती दिवस लागतील, आणि लागूनही सापडलं नाही तर? नाकापेक्षा मोती जड झाला होता. त्या रात्री मी ठरवलं, सकाळी उत्तर सांगून टाकायचं. इतक्या वर्षांचा नियम मोडला तर मोडला.

सकाळी धुकं दाट होतं, तरी मी ह्यांना शाल गुंडाळून बाल्कनीत बसवलं. चहा ओतला, दोन्ही कप भरले. शब्द मनात जुळवत होते. 'अहो, ऐका, त्या बागेचं...' एवढं म्हणायचं होतं फक्त. मी तोंड उघडलं.

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. नीट, बराच वेळ. मग डावा हात उचलला, टेबलावरून लांब केला, स्वतःच्या कपावरून पुढे आणला, आणि माझा भरलेला कप धरून माझ्या बशीत उलटा केला.

चहा बशीतून टेबलावर आला, टेबलावरून माझ्या मांडीवर. चांगला गरम होता. मी उठले नाही. हे माझ्याकडे बघत होते, आणि तोंडाची जी बाजू हलते ती वर गेली होती.

"माहीत होतं मला," मी म्हणाले. "आधीपासून माहीत होतं. तुम्हाला फसवलं." मला रडू येत होतं आणि हसूही, आणि कुठलं आधी येऊ द्यावं कळत नव्हतं. "विकास नगरातलं फेडलंत ना? झाली फिट्टंफाट."

मग ह्यांनी सावकाश आपला चहा पिऊन संपवला आणि स्वतःचाही कप पालथा घातला. दोघांचे कप पालथे. म्हणजे आता बोलायला हरकत नव्हती. खाली गल्लीत भाजीवाला ओरडत गेला. मी पदर पिळत तशीच बसले होते, आणि एकच गोष्ट विचारायची राहिली होती, लग्न झाल्यापासून राहिली होती.

"कशावरून ओळखलंत?" मी विचारलं. "माझी खूण कुठली, ती तरी आता सांगा."

ह्यांनी हात पुढे केला. तो माझ्या चेहऱ्याजवळ येऊन थांबला, कशाकडे तरी दाखवायला आल्यासारखा, आणि खाली टेबलावर गेला. ओठ जुळले, सुटले, पुन्हा जुळले. शब्द शोधताना ह्यांच्या कपाळावर त्या थंडीत घाम आला. मी वाट बघत होते.

"बरं," हे म्हणाले.